संगणकाच्या दप्तरातील दिनांक

शासकीय कामकाजात दिनांकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पत्र कितीही सुवाच्य असो, त्यावर दिनांक नसेल तर ते आवक बारनिशीत नोंदविताना लिपिकाचा हात थबकतो. माहितीच्या अधिकाराखालील अर्जास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. जन्म किंवा मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. या सर्व मुदती मोजावयाच्या त्या दिनांकावरूनच. कागदी दप्तरात हा दिनांक माणूस स्वतःच्या हाताने लिहितो आणि वाचणाराही माणूसच असतो. त्यामुळे लेखनात थोडी ढिलाई झाली तरी संदर्भावरून अर्थ लागतो.

संगणकाच्या दप्तरात मात्र ही सवलत नाही. ग्रामपंचायतीची करवसुलीची नोंद, शाळेची पटसंख्या, तालुका कार्यालयाचा पत्रव्यवहार हे सारे आता संगणकात साठविले जाते. संगणक बिघडला तर नोंदी नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांची राखीव प्रत वेळोवेळी दुसरीकडे ठेवावी लागते. हे काम दररोज कोणाच्या लक्षात राहावे यापेक्षा ते संगणकावरच सोपविणे अधिक सोयीचे असते आणि पुष्कळ ठिकाणी तसे केलेही जाते. प्रत कोणत्या दिवसाची आहे हे तिच्या नावावरून कळावे, म्हणून नावात त्या दिवसाचा दिनांक घातला जातो. हा दिनांक संगणकाने कोठून घ्यावा व कोणत्या क्रमाने लिहावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या दिवशी मूळ नोंद हरवते आणि राखीव प्रतीची गरज पडते, त्या दिवशी सारे काही याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहते.

आज्ञांची यादी

विंडोज प्रणालीच्या संगणकावर अशी नित्याची कामे करण्याचे जुने साधन म्हणजे बॅच फाइल. ‘ही फाइल तेथे उतरव’, ‘तिला असे नाव दे’, ‘हे फोल्डर रिकामे कर’ अशा आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली ती एक साधी यादी होय. संगणक ती वरून खाली वाचतो व प्रत्येक आज्ञा क्रमाने पार पाडतो. १९८१ साली आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर डॉस ही प्रणाली आली, तिच्यापासून ही पद्धत चालत आलेली आहे. आज्ञा रोमन लिपीत द्याव्या लागतात. येथे समजण्याच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

त्या पहिल्या संगणकात वीज गेल्यावरही चालू राहील असे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की तो वापरणाऱ्यालाच आजचा दिनांक विचारीत असे. उत्तर न देता पुढे गेल्यास १ जानेवारी १९८० हाच दिनांक गृहीत धरला जाई. १९८४ साली आलेल्या सुधारित संगणकात विद्युत्घटावर चालणारे घड्याळ बसविण्यात आले आणि संगणक स्वतः दिनांक सांगू लागला. परंतु तो सांगताना कोणत्या क्रमाने सांगावयाचा, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

एक दिवस, अनेक रूपे

२०२५ सालच्या मार्च महिन्याची पाचवी तारीख घेऊ. भारतात ती ०५-०३-२०२५ अशी लिहिली जाते. अमेरिकेत महिना अगोदर लिहिण्याचा प्रघात असल्याने तोच दिवस ०३/०५/२०२५ असा दिसतो. जपान व चीनमध्ये वर्ष प्रथम येते. थायलंडमध्ये बौद्ध कालगणना रूढ असल्याने तेच वर्ष २५६८ असते. आपल्याकडेही डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारण्यात आली. तिच्याप्रमाणे हाच दिवस १४ फाल्गुन शके १९४६ हा होतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागदांवर सुहूर सन आणि चांद्रमास आढळतात. त्यांचा मेळ आजच्या कालगणनेशी घालण्यासाठी संशोधकांना जंत्री समोर ठेवूनच बसावे लागते. त्या कागदांवर निदान कालगणनेचे व महिन्याचे नाव लिहिलेले असते. केवळ आकड्यांनी लिहिलेल्या दिनांकात तेवढीही खूण नसते. ०५-०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, हे आकडे पाहून सांगता येत नाही. महिन्याची तारीख १२ किंवा त्याहून कमी असली की हा घोटाळा संभवतो. दरमहा असे १२ दिवस, म्हणजे वर्षातून १४४ दिवस होतात. त्यांतून १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे दोन्ही आकडे सारखे असणारे १२ दिवस वगळले तरी १३२ दिवस उरतात. वर्षाच्या एक तृतीयांशाहून अधिक दिवस ज्या लेखनपद्धतीत संदिग्ध ठरतात, ती पद्धत अभिलेखाच्या नावासाठी पुरेशी मानता येणार नाही.

वर्ष प्रथम

या अडचणीवर आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तोडगा काढलेला आहे. ‘आयएसओ ८६०१’ हे तिचे मानक १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झाले व २०१९ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ७९००’ हे मानकही याच विषयाचे आहे. यातील मुख्य नियम अत्यंत सोपा आहे. प्रथम वर्षाचे चार अंक, नंतर महिन्याचे दोन व शेवटी दिवसाचे दोन अंक, आणि मध्ये आडवी रेघ. पाच मार्चचा दिनांक या नियमाने २०२५-०३-०५ असा होतो. महिना किंवा दिवस एकअंकी असला तरी त्यापूर्वी शून्य लिहावयाचे असते.

हा क्रम स्वीकारण्यामागे व्यवहारी कारण आहे. फाइलींची यादी नावाच्या क्रमाने लावताना संगणक डावीकडून एकेक अक्षर तपासतो. ०१-०२-२०२५, ०२-०१-२०२५ आणि ०३-१२-२०२४ या नावांच्या तीन प्रती असतील, तर यादीत त्या याच क्रमाने लागतात. म्हणजे सर्वांत जुनी प्रत शेवटी आणि सर्वांत नवी प्रत आरंभी जाते. त्याच प्रतींची नावे वर्ष प्रथम घेऊन लिहिली तर २०२४-१२-०३, २०२५-०१-०२ व २०२५-०२-०१ असा कालानुक्रम आपोआप लागतो. दप्तर लावण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत.

नेहमीच्या लेखनपद्धतीतील तिरपी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. संगणक त्या रेघेचा वेगळा अर्थ घेतो, आणि प्रत निघण्याऐवजी आज्ञाच अपयशी ठरते. वेळ लिहिताना वापरले जाणारे विसर्गासारखे दोन टिंबही नावात वर्ज्य आहेत.

सोपा परंतु धोक्याचा मार्ग

बॅच फाइलमध्ये आजचा दिनांक मिळविण्याची सर्वांत प्रचलित रीत अशी : शेकडा चिन्हांच्या मध्ये ‘डेट’ हा शब्द लिहिला की त्याच्या जागी संगणक आजचा दिनांक ठेवतो. भारतीय पद्धती निवडलेल्या संगणकावर तेथे ०५-०३-२०२५ अशी दहा अक्षरे येतात. अक्षरांची मोजणी शून्यापासून होते. म्हणून शून्याव्या स्थानापासून दोन अक्षरे घेतली की दिवस, तिसऱ्यापासून दोन घेतली की महिना व सहाव्यापासून चार घेतली की वर्ष मिळते. हे तुकडे उलट क्रमाने जोडले की २०२५-०३-०५ हे हवे असलेले रूप तयार होते. एका ओळीत काम होत असल्याने ही रीत लोकप्रिय झाली आहे.

तिच्यातील दोष असा की, ‘डेट’ या शब्दाने मिळणारा मजकूर माणसाला दाखविण्यासाठी असतो. त्याचे रूप वापरणाऱ्याने प्रादेशिक पद्धतीच्या रकान्यात काय निवडले आहे यावर ठरते. अमेरिकी पद्धती निवडलेली असेल तर आरंभी वाराची तीन अक्षरे व एक मोकळी जागा येते आणि नंतर ०३/०५/२०२५ असे लिहिले जाते. येथे सहाव्या स्थानापासून चार अक्षरे कापली तर वर्षाऐवजी दोन तिरप्या रेघा व त्यांच्यामध्ये ०५ एवढेच हाती लागते. अर्थात आज्ञा फसते व प्रत निघत नाही. नवा संगणक आला, कोणी पडद्यावरील दिनांकाचे रूप आवडीनुसार बदलले, किंवा तीच बॅच फाइल रात्री आपोआप चालावी म्हणून दुसऱ्या खात्याकडून चालविली गेली, की हे घडू शकते. त्या दुसऱ्या खात्याची प्रादेशिक पद्धती वेगळी असू शकते, ही बाब सहसा लक्षात येत नाही.

मुकी चूक

आज्ञा फसली तर निदान काहीतरी बिघडल्याचे कळते. त्याहून अधिक घातक ती चूक, जी घडूनही बोलत नाही. संगणकावर वार न दाखविता महिना अगोदर लिहिण्याचे रूप निवडलेले असेल, तर वरील कापणी यशस्वी होते आणि पाच मार्चच्या प्रतीवर २०२५-०५-०३ असा तीन मेचा दिनांक पडतो. तेरा तारखेला तेराव्या महिन्याची फाइल निर्माण होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

वेळेचाही असाच प्रकार आहे. सकाळी दहापूर्वी ‘टाइम’ या शब्दाने मिळणाऱ्या तासाच्या आकड्याआधी शून्य नसून मोकळी जागा असते. नावात ती जागा शिरली की नाव दुभंगते व आज्ञेचा अर्थ बदलतो. दुपारी चाचणी घेतलेली बॅच फाइल सकाळी नऊ वाजता अडखळते ती यामुळे. मोकळ्या जागेच्या ठिकाणी शून्य घालण्याची सोय बॅच फाइलमध्ये आहे, ती वापरावी.

मोजणीतील एक अडचण तर ऋतूसारखी येते आणि जाते. शून्याने सुरू होणारी संख्या हिशोबासाठी दिली तर बॅच फाइल ती आठाच्या पायावरील संख्या समजते. या गणनेत आठ व नऊ हे अंकच नसतात. म्हणून महिन्याच्या आकड्यावर बेरीज-वजाबाकी करणारी बॅच फाइल जानेवारीपासून जुलैपर्यंत बिनतक्रार चालते, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये थांबते आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरळीत होते. दरमहा आठ व नऊ तारखेलाही हीच गत होते. आकड्यामागे १ लावून ०८ चा १०८ करावा व नंतर १०० वजा करावेत, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

मध्यरात्रीची गोष्ट आणखी वेगळी. दिनांक आधी व वेळ नंतर अशा दोन वेळा विचारल्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये बारा वाजले, तर दिनांक कालचा व वेळ आजच्या पहिल्या क्षणाची अशी जोडी जमते. नोंद जवळजवळ एका दिवसाने मागे जाते. यासाठी दिनांक व वेळ एकाच वेळी एकत्र घेऊन मग त्यांचे भाग पाडणे इष्ट.

या सर्व चुकांना गंभीर रूप येते ते एका नियमामुळे. फाइल उतरविण्याची ‘कॉपी’ ही आज्ञा हाताने दिली, तर त्याच नावाची फाइल अगोदर असल्यास संगणक परवानगी विचारतो. तीच आज्ञा बॅच फाइलमधून दिली, तर सामान्यतः तो काही न विचारता जुन्या फाइलीवर नवी लिहितो. नावातील दिनांक तयार झाला नाही आणि दररोज एकच नाव पडत राहिले, तर कालची राखीव प्रत आज नाहीशी होते. वर्ष न लिहिता केवळ दिवस व महिना लिहिल्यास हाच प्रकार वर्षाने घडतो. मूळ नोंदीत बिघाड शिरला असेल, तर तो बिघडलेला मजकूरच एकमेव प्रत म्हणून उरतो. ज्या प्रतीवर भिस्त ठेवली, तीच अशा रीतीने दगा देते.

विश्वासाचा मार्ग

यावर उपाय एकच : माणसासाठी सजविलेला मजकूर कापण्याऐवजी संगणकाला दिनांक हव्या त्या रूपात मागावा. काही वर्षे यासाठी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही आज्ञा वापरली जात असे. तिचे उत्तर कोणत्याही प्रादेशिक पद्धतीत सारखेच येते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद यांचे चौदा अंक सलग येतात आणि शेवटी जागतिक वेळेपासूनचे अंतर मिनिटांत असते. भारतासाठी ते ३३० एवढे, म्हणजे साडेपाच तास असते. परंतु ही आज्ञा मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०२१ साली कालबाह्य ठरविली आणि विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत ती मुळात बसविलेली नसते. ज्या कार्यालयांतील जुन्या बॅच फाइली तिच्यावर अवलंबून आहेत, तेथे नवा संगणक येण्यापूर्वीच बदल करून घेणे आवश्यक आहे.

आज योग्य ठरणारे साधन म्हणजे ‘पॉवरशेल’. ते २००६ साली आले आणि २००९ च्या विंडोज ७ पासून प्रणालीबरोबरच मिळते. त्यातील ‘गेट-डेट’ या आज्ञेला ‘फॉरमॅट’ हा शब्द जोडून दिनांकाचे रूप अक्षरांनी सांगता येते : वर्षासाठी लहान वाय चार वेळा, महिन्यासाठी मोठा एम दोन वेळा व दिवसासाठी लहान डी दोन वेळा. बॅच फाइल ही आज्ञा पॉवरशेलमार्फत चालवू शकते, आणि ‘फॉर’ या आज्ञेच्या साहाय्याने तिचे उत्तर चलात, म्हणजे तात्पुरत्या खणात, साठवू शकते. पुढे फाइलीचे नाव त्या चलावरून तयार करावयाचे. पडद्यावर दिनांक कोणत्याही क्रमाने दिसत असो, नावातील क्रम बदलत नाही.

येथे अक्षराच्या लहानमोठेपणाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पॉवरशेलमध्ये मोठा एम महिना दाखवितो, तर लहान एम मिनिट. लहान एम लिहिला गेला तर पाच मार्च रोजी दोन वाजून सात मिनिटांनी निघालेल्या प्रतीवर २०२५-०७-०५ असा जुलैचा दिनांक पडतो. तासासाठी मोठा एच लिहिला तर चोवीस तासांची गणना होते. लहान एच लिहिला तर बारा तासांची, आणि मग पहाटे दोन व दुपारी दोन यांत फरक राहत नाही. लिनक्स प्रणालीतील ‘डेट’ या आज्ञेत नियम उलट आहे. तेथे लहान एम महिन्याचा आणि मोठा एम मिनिटांचा. दोन्ही प्रणाली वापरणाऱ्या कार्यालयांनी याची नोंद अवश्य ठेवावी.

घड्याळ खरे हवे

दिनांक लिहिण्याची रीत निर्दोष असली तरी संगणकाचे घड्याळच चुकीचे असेल तर सारे व्यर्थ. आतील विद्युत्घट जुना झाला की घड्याळ मागे पडते किंवा पूर्वीच्या एखाद्या वर्षी जाऊन थांबते. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. संगणक जाळ्यास जोडलेला असल्यास त्याचे घड्याळ अशा प्रमाण घड्याळाशी आपोआप जुळविता येते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांन्वये शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या वेळेशी, मिळती ठेवण्यास सांगितले आहे.

तपासणीची सवय

प्रत्येक ग्रामसेवकाने किंवा मुख्याध्यापकाने स्वतः बॅच फाइल लिहावी अशी अपेक्षा नाही. ती लिहिणारा जाणकार असतो. परंतु काम करून घेणाऱ्याने चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ अनर्थ टळेल. फाइलीच्या नावात वर्ष प्रथम व चार अंकी आहे काय? दिनांकाचे प्रादेशिक रूप बदलून पाहिल्यावर नाव तेच राहते काय? दिनांक मिळाला नाही तर बॅच फाइल जुनी प्रत पुसण्याऐवजी थांबते काय? आणि तीच आज्ञा सकाळी दहापूर्वी व महिन्याच्या आठ तारखेला चालवून पाहिली आहे काय?

याखेरीज महिन्यातून एकदा राखीव प्रतींची यादी डोळ्यांखालून घालावी. दिवस सलग आहेत काय, एखादा गळला आहे काय, हे वर्षप्रथम नावांमुळे एका दृष्टिक्षेपात कळते. त्यांतील एखादी प्रत उघडून नावावरील दिनांक आतील शेवटच्या नोंदीशी जुळतो काय, हेही पाहावे. कीर्दीची शिल्लक रोज रोकडीशी ताडून पाहणाऱ्या कार्यालयांना ही शिस्त अवघड वाटू नये. एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा किंवा विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा पुरावा उद्या याच प्रतीतून शोधावा लागेल. तो नेमक्या दिवसाचा मिळावा, एवढ्यासाठी ही काळजी घ्यावयाची आहे.